मसाल्याचा रंग आणि आतली कोंबडी : शेगडी, ड्रम आणि पोपटीसाठी मांसाचा थर्मामीटर

मालवणी मसाला, हळद, आलं-लसणीचं वाटण आणि वरून कोकमाचं आगळ लावून मुरवलेली कोंबडीची तंगडी निखाऱ्यावर धरली की पाच मिनिटांत शिजल्यासारखी दिसायला लागते. मसाला तेलात तळला जातो, कडा काळपट होतात, वास सुटतो. आत हाडापाशी मात्र मांस अजून पन्नास अंशांच्याही खाली असू शकतं. बिनमसाल्याच्या कोंबडीत निदान गुलाबी मांस पांढरं झालेलं दिसतं. आपल्याकडे हळद-मिरचीने तो पुरावाही झाकलेला असतो. माशाचं तर याहून अवघड. लिंबू किंवा आगळ चोळलेली सुरमई विस्तवाजवळ न जाताही वरून पांढरट आणि घट्ट होते, कारण आंबटामुळेही प्रथिनं गोठतात.

रंग उलट बाजूनेही फसवतो. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातली मज्जा झिरपते आणि हाडालगतचं मांस पूर्ण शिजल्यावरही लालसर राहतं. धुरावर शिजवलेल्या मांसाला कडेने गुलाबी पट्टा येतो, तो धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे. पाहुणे म्हणतात कच्चं आहे, यजमान पुन्हा जाळीवर टाकतो, आणि छातीचा तुकडा नारळाच्या सोडणासारखा कोरडा होतो. ‘सुरी खुपसली की पाणी स्वच्छ आलं पाहिजे’ हा आडाखाही भरवशाचा नाही. ते पाणी तापमानाबद्दल फार कमी सांगतं. वर आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर खारा वारा सुटतो, निखारे कधी फुलतात कधी मंदावतात, त्यामुळे ‘एका बाजूने दहा मिनिटं’ असला हिशेबही रोज वेगळा निघतो.

मांसाच्या आतलं तापमान कळलं की यातले बहुतेक वाद मिटतात. पुढचे सगळे आकडे सेल्सियसमध्ये आहेत. परदेशी पाककृतींमध्ये फॅरनहाइट असतं, तेव्हा आकडा १०० च्या बराच वर दिसला तर आधी एकक बघा. तिथला १६५ म्हणजे आपला ७४, १४५ म्हणजे ६३, २०३ म्हणजे ९५ आणि स्मोकरसाठी दिलेला २२५ म्हणजे १०७. बहुतेक डिजिटल थर्मामीटरांना एकक बदलायचं बटण असतं, कधी कधी बॅटरीच्या झाकणाखाली लपवलेलं.

कोणता घ्यावा

घरात आधीच असलेले दोन थर्मामीटर प्रथम बाजूला ठेवा. ताप बघायचा थर्मामीटर ४२-४३ अंशांच्या पुढे जातच नाही, आणि काचेचा पाऱ्याचा असेल तर तो अन्नाच्या आसपासही नको. २०२० पासून अनेकांच्या कपाटात पडून असलेली कपाळावर धरायची गनसुद्धा शरीराच्या तापासाठीच बनवलेली असते.

उरलेल्यांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना म्हणजे गोल तबकडीचा काट्याचा. त्याच्या सळीत दोन धातूंची गुंडाळी असते आणि ती टोकापासून पाच-सहा सेंटीमीटर लांब पसरलेली असते. म्हणजे एवढी सळी मांसात गेली तरच आकडा खरा, आणि तोही पंधरा-वीस सेकंदांनी. बोकडाच्या अख्ख्या रानात, म्हणजे मागच्या पायाच्या मोठ्या तुकड्यात, ठीक आहे. तंगडीत, कबाबात, माशाच्या तुकडीत ती अर्धी बाहेरच राहते आणि मांस व हवा यांची सरासरी दाखवते. मी तो कुणालाच सुचवत नाही.

पहिली खरेदी असावी ती टोचून लगेच आकडा दाखवणाऱ्या, घडीच्या डिजिटल थर्मामीटरची. याचा संवेदक अगदी टोकाशी असतो, म्हणून पातळ तुकड्यातही चालतो. स्वस्त प्रकारात थर्मिस्टर असतो आणि आकडा स्थिरावायला पाच-दहा सेकंद लागतात. महागात थर्मोकपल असतो आणि तो दोन-तीन सेकंदांत उत्तर देतो. निखाऱ्यावर हात धरून उभं राहिल्यावर या सेकंदांचं मोल कळतं. तरी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा शेगडी पेटवणाऱ्याला स्वस्तातला पुरे. घेताना तीन गोष्टी बघा. सळीचं टोक निमुळतं, बारीक असावं. पडद्याला उजेड असावा, कारण आपली शेगडी बहुधा अंधार पडल्यावरच रंगात येते. आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपी ६५ किंवा ६७ असा छापलेला असावा. ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी बिघडत नाही. पावसाळ्यात पडवीत शेगडी लावणाऱ्यांना आणि पुळणीवर जेवणं करणाऱ्यांना हे कामी येतं. (पडवी चारही बाजूंनी ताडपत्रीने बंद केलेली असेल तर तिथे कोळसा पेटवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

धुरावर तासन्‌तास शिजवायचं असेल तरच दुसरी खरेदी, ती म्हणजे मांसात खुपसून ठेवायचा वायरचा प्रोब. वायर झाकणाच्या फटीतून बाहेर येते आणि डबी बाहेर राहते. दोन प्रोबचा घ्या, एक मांसासाठी, एक जाळीवरच्या हवेसाठी. वायर किती अंशांपर्यंत टिकते ते खोक्यावर लिहिलेलं असतं. ज्वाळेत किंवा तापलेल्या तंदूरच्या भिंतीला लागली तर तो प्रोब संपला.

बिनवायरचे ब्लूटूथ प्रोब दिसायला छान असतात, पण पत्र्याचा ड्रम सिग्नल अडवतो, आणि मध्ये जांभ्या चिऱ्याची जाड भिंत आली की खोक्यावरचा पल्ला कागदावरच राहतो. शिवाय त्यांच्यावर एक रेघ कोरलेली असते, तिथपर्यंत प्रोब मांसात गेलाच पाहिजे, नाहीतर आतले नाजूक भाग करपतात. मोठं रान असेल तर जमतं. लहान कोंबडीत ते कठीण.

लाल ठिपका पाडणारी इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग मोजते. तवा, पिझ्झाचा दगड, तंदूरची आतली भिंत यांसाठी उत्तम. मांसाच्या आत काय चाललंय ते तिला कळत नाही. चकचकीत स्टीलवर तर ती चुकीचाच आकडा देते.

आधी त्याची परीक्षा घ्या

नवा थर्मामीटर खोक्यातून काढून थेट कोंबडीत घालू नका. उंच पेला बारीक फोडलेल्या बर्फाने काठोकाठ भरा, मग फटी भरतील एवढंच पाणी ओता, ढवळा, दोन मिनिटं थांबा. सळी मधोमध धरा, तळाला किंवा कडेला टेकवू नका. आकडा ० यायला हवा. अर्धा-एक अंश इकडे तिकडे चालतो. दोन अंशांहून जास्त फरक असेल आणि दुरुस्तीची सोय नसेल, तर परत करा.

इथे किनाऱ्यावर एक खास काळजी घ्यावी लागते. बर्फ घरच्या फ्रिजमधला, गोड्या पाण्याचा असू दे. बंदरावरून आणलेल्या, मासळीत वापरलेल्या बर्फाला मीठ लागलेलं असतं, आणि मीठ मिसळलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. थर्मामीटर उणे दोन दाखवेल आणि तुम्ही निष्कारण त्याला दोष द्याल.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची, आणि इथे कोकणातल्या माणसाला निसर्गाने फुकट सोय दिली आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांनाच उकळतं. अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, कुठेही खळखळत्या पाण्यात सळी धरली की १०० च्या अगदी जवळचा आकडा आला पाहिजे. दर तीनशे मीटर उंचीला साधारण एक अंश कमी होतो. म्हणून पुण्यात ९८, आंबोलीत त्याच्या थोडं खाली आणि महाबळेश्वरला ९५-९६. घाटावरचा भाऊ ‘माझा ९८ दाखवतो’ म्हणाला तर त्याचा थर्मामीटर बरोबर आहे. वाफेने बोटं भाजू नयेत म्हणून सळी चिमट्यात धरा.

दर दोन-चार महिन्यांनी आणि थर्मामीटर हातातून पडला की लगेच, बर्फाची परीक्षा पुन्हा घ्यावी.

लक्षात ठेवायचे आकडे

कोंबडी, बदक, बटेर यांना ७४. खिमा, सीख कबाब, कटलेट यांना ७१, आणि खिमा कोंबडीचा असेल तर ७४. बोकड, मेंढी, पोर्क यांच्या अखंड तुकड्यांना ६३ आणि विस्तवावरून काढल्यावर तीन मिनिटं विश्रांती. माशालाही ६३. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नसुरक्षा नियमांतले हे आकडे जगभर वापरले जातात.

खिम्याला अखंड तुकड्यापेक्षा जास्त का? अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, आणि पृष्ठभाग तर सगळ्यात आधी भाजतो. खिमा करताना तेच जंतू आतपर्यंत कालवले जातात. कोंबडीचे ७४ हे अशा बिंदूवर ठरवले आहेत की तिथे सॅल्मोनेला जवळजवळ लगेच मरतो. त्याहून थोड्या कमी तापमानालाही तो मरतो, पण तिथे काही मिनिटं टिकून राहावं लागतं, आणि शेगडीवर ते सांभाळणं जिकिरीचं. ७४ चा नियम पाळा, डोकं शांत राहतं.

पण सुरक्षित म्हणजे मऊ असं नाही, आणि नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. ब्रॉयलरची छाती ७४ ला रसाळ असते आणि ८० ला कोरडी. तीच तंगडी आणि मांडी ७४ ला सुरक्षित पण दाताला चिकट लागते. ८० ते ८५ ला खरी मजा. गावठी कोंबडीचं तर वेगळंच शास्त्र. अंगणात वर्षभर फिरलेल्या कोंबडीच्या पायांत जोडऊतक भरपूर असतं. ७४ ला ती खायला सुरक्षित असते, चावायला नाही. तिला हळूहळू ९० च्या आसपास न्यावं लागतं, तेव्हा कोलॅजनचं जिलेटिन होतं. बोकडाच्या रानाचं आणि खांद्याचंही तसंच. ६३ ला ते ‘शिजलेलं’ असतं, पण आपल्याकडे मटण बोटाने सुटायला हवं असतं, म्हणजे ९०-९३ पर्यंत जायला हवं. ज्यांना मटणात रबर लागतं त्यांनी बहुधा ७५-८० ला थांबवलेलं असतं. मांस तिथे आकसून घट्ट झालेलं असतं आणि जिलेटिन अजून पुरतं सुटलेलं नसतं.

टोचायचं कुठे

महागड्या थर्मामीटरने चुकीच्या जागी टोचण्यापेक्षा स्वस्ताने योग्य जागी टोचलेलं बरं. आपल्याला हवा असतो तुकड्यातला सगळ्यात थंड बिंदू. तो जाड भागाच्या मधोमध असतो आणि वरून दिसत नाही, म्हणून शोधावा लागतो. सळी बाजूने आत घाला, मध्य ओलांडून थोडी पुढे जाऊ द्या, आणि मग हळूहळू बाहेर ओढत आकड्याकडे बघा. आकडा उतरतो, एका जागी सगळ्यात खाली जातो, मग पुन्हा चढतो. सगळ्यात खालचा आकडा हाच तुमचा आकडा.

हाडाला टोक लागलं तर तो आकडा मोजू नका, किंचित मागे घ्या. चरबीच्या थरातही तसंच. कबाब लोखंडी सळईवर असेल तर सळई स्वतः तापून आतून उष्णता देत असते; तिच्यापासून दूर, मांसाच्या जाड भागात टोचा. अख्ख्या कोंबडीत तीन ठिकाणं: छातीचा जाड भाग, मांडी आणि शरीर यांच्यामधली खोबण, आणि दुसऱ्या बाजूची मांडी. वाऱ्याकडची बाजू मागे राहते, म्हणून दोन्ही मांड्या तपासायच्या.

आणि एक गोष्ट घाईत हमखास राहते. अर्धकच्च्या तुकड्यात घातलेली सळी न पुसता शिजलेल्यात घालायची नाही. शेगडीजवळ साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिटचे कापूसपट्टे ठेवा.

शेगडीवर कोंबडी, क्रमाने

निखारे जाळीखाली सगळीकडे पसरू नका. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू रिकामी. करवंट्या वापरत असाल तर त्यांचा पहिला काळा, तेलकट धूर आणि ज्वाळा संपून लाल निखारा होईपर्यंत थांबा. वारा कुठून येतोय बघा आणि निखाऱ्यांची बाजू वाऱ्याकडे ठेवा, म्हणजे उष्णता रिकाम्या बाजूवरून वाहते. दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा रात्री उलटून जमिनीकडून मतलई होतो, तेव्हा लांबलेल्या जेवणात शेगडी फिरवायची तयारी ठेवा.

मुरवलेली कोंबडी आयत्या वेळी बाहेर काढा. कच्चं मांस एरवी दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये असा नियम आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात किनाऱ्यावर हा दुसराच नियम लागू होतो.

तुकडे आधी निखाऱ्यांवर दोन्ही बाजूंनी रंग येईपर्यंत भाजा, मग रिकाम्या बाजूला सरकवा आणि वर लोखंडी घमेलं पालथं घाला. घमेलं नवं, रंग किंवा जस्ताचा मुलामा नसलेलं हवं. सिमेंट कालवलेलं नको. आता मांस सगळीकडून शिजतं आणि मसाला जळत नाही. दहा-बारा मिनिटांनी पहिल्यांदा टोचा. सारखं घमेलं उचलू नका, दर वेळी उष्णता पळते. आकडा ६५ च्या पुढे गेला की मात्र नजर ठेवा, कारण लहान तुकड्यात शेवटचे दहा अंश भराभर चढतात. छातीचे तुकडे ७४ ला उचला, तंगड्या आणखी थोडा वेळ राहू द्या.

अख्खी कोंबडी काढल्यावरही तीन-चार अंश चढते, कारण बाहेरची उष्णता आत सरकत राहते. ती ७१-७२ ला उतरवली तरी चालतं, पण पाच मिनिटांनी पुन्हा टोचून ७४ खरंच झालेत ना ते बघा. सुटे तुकडे फारसे चढत नाहीत, तिथे हा जुगार नको.

ड्रममध्ये धूर

पत्र्याचा ड्रम कापून केलेला स्मोकर आता कोकणातल्या होमस्टेंमध्ये दिसायला लागला आहे. ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. एमआयडीसीच्या पट्ट्यातून भंगारात आलेला, आत काय होतं ते कुणालाच ठाऊक नसलेला ड्रम कितीही जाळला तरी अन्नासाठी घेऊ नये. लाकडाचंही तसंच. आंबा, फणस, जांभूळ यांची सुकी लाकडं चांगली. जुन्या होडीच्या फळ्या नकोत, त्यांना रंग आणि रसायनं लावलेली असतात. काजूची टरफलं तर अजिबात नकोत. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो आणि तेच तेल कातडी भाजतं.

झाकणावर बसवलेल्या तबकडीवर विसंबू नका. ती वरची हवा मोजते, मांस खाली जाळीवर असतं, आणि दोन्हींत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. वायरचा एक प्रोब जाळीला अडकवा, मांसापासून चार बोटं दूर, कारण गार मांसाच्या अगदी लगतची हवाही गार असते. हा आकडा ११० ते १३० मध्ये ठेवायचा. चढला तर खालची झडप बारीक करा, उतरला तर उघडा, आणि बदल दिसायला दहा मिनिटं द्या. सारखी झडप फिरवणाऱ्याचा ड्रम कधीच स्थिर होत नाही.

दुसरा प्रोब रानाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता. सुरुवातीला आकडा छान चढतो. मग ६५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी तो अडकतो, तासभर, कधी दोन तास. थर्मामीटर बिघडलेला नसतो. मांसातून येणारं पाणी पृष्ठभागावरून वाफ होऊन उडतं आणि जेवढी उष्णता मिळते तेवढीच खर्च होते, घाम आल्यावर अंग गार पडतं तसं. आपली हवा दमट असल्याने हा टप्पा टळेल असं वाटतं, पण ड्रममध्ये १२० अंशांना तापलेली हवा कोरडीच असते. घाबरून कोळसा वाढवला की बाहेरून करपतं. त्यापेक्षा रान बाहेर काढा, शेकवलेल्या केळीच्या पानात गुंडाळा, वरून फॉइल घट्ट लपेटा, प्रोब पुन्हा घाला आणि परत ठेवा. वाफ कोंडली की आकडा पुन्हा चढू लागतो.

नव्वदीला पोचल्यावर आकड्यापेक्षा हाताला विचारा. सळी लोण्यात गेल्यासारखी गेली तर झालं, अडखळली तर आणखी अर्धा तास. दीड किलोच्या रानाला पाच-सहा तास धरून चाला आणि पाहुण्यांना दीड तास उशिराची वेळ सांगा. लवकर झालंच तर पान-फॉइलसकट जुन्या टॉवेलात गुंडाळून झाकणाच्या थर्मोकोलच्या पेटीत ठेवा, मासळीची असेल तर आधी घासूनपुसून. प्रोब आतच राहू द्या; आकडा ६० च्या वर आहे तोवर काळजी नाही.

गार धुरावर मांस किंवा मासे टिकवायचे प्रयोग किनाऱ्यावर करू नका. ती पद्धत थंड हवेच्या देशांची, खारवलेल्या मांसावर करायची. आपल्याकडे सावलीतच ३० अंश असतात, आणि ५ ते ६० हा पट्टा जंतूंना मानवणारा. मटणाच्या पातेल्यात निखारा ठेवून तूप सोडून दिलेला धुंगार हा फक्त वास असतो. त्याने काही शिजत नाही.

पोपटीचं काय

रायगडात थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मग मडकं पालथं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं, म्हणजे आत ओल आहे तोवर तापमान शंभराच्या आसपासच घुटमळतं. त्यामुळे पोपटीतली कोंबडी सहसा करपत नाही. कच्ची राहण्याची भीती मात्र असते, कारण जाळ किती आणि किती वेळ हे प्रत्येक शेतावर वेगळं. कुणी मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजतंय का ते बघतं. त्यातून मडकं किती तापलंय ते कळतं, मधल्या कोंबडीचं काही कळत नाही.

वायरचा प्रोब इथे चालणार नाही. मडक्याचं तोंड खाली, जाळ चहूबाजूंनी, वायर जळून जाईल. म्हणून काळजी भरतानाच घ्यायची. अख्खी कोंबडी न घालता तुकडे करा, दोन बोटांहून जाड नकोत. उष्णता मडक्याच्या भिंतीतून येते आणि मधला गाभा शेवटी तापतो, म्हणून जाड तुकडे भिंतीकडे, शेंगा मध्ये. कोंबडी केळीच्या पानाच्या लहान पुड्या करून घाला. मडकं उघडल्यावर ताटात ओतायच्या आधी मधल्या पुडीतला सगळ्यात जाड तुकडा शोधा आणि टोचा. ७४ किंवा त्याहून जास्त असेल तर वाढा. कमी असेल तर मडकं पुन्हा भरत बसू नका. शेंगा, अंडी वाढायला घ्या आणि पुड्या तेवढ्या उरलेल्या निखाऱ्यांवर पत्रा ठेवून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग पुन्हा टोचा. पोपटीच्या मंडळींना भूक अनावर झालेली असते, त्यामुळे हे दहा मिनिटांचं भांडण तुम्हालाच जिंकावं लागेल.

मासे

माशांच्या बाबतीत मी थर्मामीटर बहुतेक वेळा खिशातच ठेवतो. बांगडा, मांदेली, बोंबील इतके पातळ की सळी जाईपर्यंत ते शिजतात. काट्यापासून मांस सुटलं की झालं. कोळंबी पारदर्शकपणा जाऊन वळली की काढा. तिसऱ्या आणि कालवं शिंपला उघडून सांगतात. शिजवूनही न उघडलेल्या टाकून द्या.

जाड माशांना मात्र तो हवाच. अख्खा जिताडा, घोळीचा तुकडा, रावस, दोन बोटं जाड सुरमई. टोचायचं डोक्याच्या मागे, पाठीच्या काट्यालगत, पण काट्याला न लावता. ६३ ला उतरवा. सुरमई ७० च्या पुढे गेली की भुसभुशीत. ड्रममध्ये धूर देऊन मासा करायचा असेल तर आतलं तापमान ६६ च्या आसपास नेऊन अर्धा तास तिथे टिकवा.

माशाला थर्मामीटरचा खरा उपयोग शिजवण्याच्या आधी होतो, आणि तो फार थोडे लोक करतात. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. हे विष शिजवून, तळून, धूर देऊन, कशानेही जात नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून किंवा हर्णैच्या लिलावातून घेतलेला मासा घरी पोचल्यावर जाड भागात टोचून बघा. बर्फात नीट आला असेल तर ४-५ अंशांच्या आत असतो. पंधरा-वीस दाखवला तर पुढच्या वेळी बर्फाची पेटी बरोबर न्या. किती वेळ तसाच होता हे कुणालाच सांगता येत नसेल तर तो मासा न खाल्लेला बरा.

खाऱ्या हवेत टिकवायचा कसा

इथे थर्मामीटर वापराने कमी आणि हवेने जास्त खराब होतात. काम झालं की सळी साबणाने धुवा आणि गोड्या पाण्याने खळबळा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. ते वापरलं तर कोरड्या फडक्याने पुसणं आलंच. वायरचा प्रोब पाण्यात बुडवू नका, सळी आणि वायर जिथे जुळते तिथून पाणी आत शिरतं आणि मग आकडे वेड्यासारखे नाचायला लागतात. तो ओल्या फडक्याने पुसायचा.

पावसाळ्यात चार महिने शेगडी बंद असेल तर बॅटरी काढून ठेवा, नाहीतर पत्र्यांवर हिरवी बुरशी चढते. ती चढलीच तर व्हिनेगरात बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलकेच घासा. थर्मामीटर घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. बटणासारखी चपटी बॅटरी असेल तर ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळली गेली तर अन्ननलिका जाळते, तडक दवाखाना गाठावा लागतो.

रात्रीची कोंबडी उरली तर तासाभरात फ्रिजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी गरम करतानाही पुन्हा ७४ च. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलीत तर दोन-तीन ठिकाणी टोचा, कारण तिथे कडा चुरचुरत असतात आणि मधला भाग गारच असतो.